ते उंच कपाट काढू नका

वाचकाचे पत्र:

आम्ही मिशिगन राज्यात अ‍ॅन आर्बरला राहतो. मागच्या वर्षी १९९०च्या दशकातला, गाडीमागे ओढून सहलीला न्यायचा, फायबरग्लासचा १६ फुटी घरवजा ट्रेलर आम्ही जुन्यात विकत घेतला. मी, यजमान आणि आठ वर्षांची मुलगी एवढ्यांना तो पुरतो. उन्हाळ्यात साताऱ्याहून सासूबाई येतात, तेव्हा त्याही बरोबर असतात. सामान ठेवण्याचे मात्र हाल आहेत. दाराजवळ कपडे टांगण्याचे उंच कपाट आहे, त्याचा आम्हाला काही उपयोग नाही. ते काढून तिथे जमिनीपासून छतापर्यंत फळ्यांचे नवे कपाट करावे असे यजमानांच्या मनात आहे, आणि त्यासाठी त्यांनी पाऊण इंची प्लायवुडची ३ शीट आणूनही ठेवली आहेत. वरच्या फडताळांची दारे वाटेत उघडतात आणि डबे खाली येतात. सासूबाईंना गुडघ्यांमुळे वाकता येत नाही. कुकर, पोळपाट, मिसळणाचा डबा, डाळ-तांदूळ हे सगळे कुठे आणि कसे बसवावे? काही छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

आपण विचारलेल्या गोष्टींपैकी एकीचे उत्तर तातडीने द्यायला हवे, म्हणून ते आधी देतो: दाराजवळचे उंच कपाट काढू नका. यजमानांनी हत्यारे बाहेर काढली असतील, तर पुढचे दोन परिच्छेद त्यांना आताच वाचून दाखवावेत.

कारण या ट्रेलरच्या बांधणीत आहे. १९६८ मध्ये कॅनडातील विनिपेग येथे बोलर नावाचा छोटा अंडाकृती ट्रेलर तयार झाला, आणि त्याच धर्तीवर पुढे मिनेसोटातील बॅकस येथे स्कॅम्प व टेक्सासमध्ये कसिटा असे ट्रेलर बनू लागले. या घराण्यातल्या ट्रेलरांचे कवच साच्यावर दोन भागांत काढतात, एक वरचा आणि एक खालचा, आणि हे दोन भाग साधारण कमरेच्या उंचीवर एकमेकांना जोडतात. नेहमीच्या पत्र्याच्या ट्रेलरमध्ये भिंतीच्या पोटात लाकडाचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा असतो. तो इथे नसतो. कवचाचा बाक आणि आत बसवलेली कपाटे, एवढ्यांच्याच बळावर छताचा आकार टिकून राहतो. जुन्या वाड्यातला माजघराचा खांब वाटेत येतो म्हणून कोणी तो कापून काढत नाही, तसेच हे उंच कपाट समजावे. ते काढल्यावर लगेच काही होणार नाही, आणि त्यामुळेच माणूस फसतो. छत हळूहळू मध्ये बसू लागते, तिथे पावसाचे पाणी साचू लागते, साचलेल्या पाण्याच्या वजनाने ते आणखी खाली येते. आणि कवचाचा बाक बदलला की बाकदार दार चौकटीत नीट बसेनासे होते. मिशिगनच्या हिवाळ्यात ट्रेलर उघड्यावर उभा राहत असेल, तर छतावरच्या बर्फाचा भार या सगळ्यात वेगळा मोजावा लागतो. छतावर वातानुकूलन यंत्र असेल, तर चिंता दुप्पट.

अगदीच काढायचे ठरले, तर आधी आतून छताला तात्पुरता टेकू द्यावा लागेल आणि त्याच जागी, जमिनीपासून छतापर्यंत पोहोचणारी दुसरी उभी बाजू बसवल्यावरच तो टेकू काढता येईल. परंतु एवढ्या उपद्व्यापाची आपल्याला गरज नाही. आपल्याला हव्या आहेत फळ्या, आणि फळ्या त्याच कपाटाच्या पोटात बसू शकतात.

छायाचित्रांवरून कपाटाच्या बाजू लाकडी दिसतात. आतला कपड्यांचा दांडा काढून टाका. दोन्ही बाजूंना आणि पाठीला आतून पाऊण इंच रुंदीच्या, पॉप्लर या हलक्या लाकडाच्या पट्ट्या गोंद आणि आखूड स्क्रू वापरून लावा, आणि त्यांवर फळ्या बसवा. आतली रुंदी २० इंचांच्या आत असेल, तर फळीसाठी पाव इंची, म्हणजे दोन सुती प्लायवुड पुरेसे आहे, मात्र फळीच्या पुढच्या कडेला दीड ते दोन इंच उंचीची पट्टी उभी चिकटवलीच पाहिजे. ही पट्टी डबे पुढे सरकू देत नाही, हा तिचा दिसणारा उपयोग. न दिसणारा उपयोग असा, की ती त्या पातळ फळीची तुळई होते आणि फळीला मध्ये वाकू देत नाही. ज्या कामासाठी यजमानांनी पाऊण इंची प्लायवुड आणले, ते काम ही पट्टी त्याच्या एका लहान अंशाच्या वजनात करते. दोन फळ्यांमधले अंतर आपल्या डब्यांची उंची मोजूनच ठरवा. डब्यावर साधारण दोन बोटे जागा उरली म्हणजे पुरे. त्याहून जास्त मोकळी जागा राहिली, तर खड्ड्यात डबे उड्या मारतात आणि पुढची पट्टी ओलांडून बाहेर येतात.

या कपाटाच्या तळाशी गॅसचा हीटर आहे का, हे छायाचित्रात दिसत नाही. अशा ट्रेलरांत तो पुष्कळदा तिथेच असतो. असेल, तर त्याच्या भोवतीची मोकळी जागा आणि हवा आत ओढण्याची जाळी यांपैकी काहीही झाकू नका, आणि हीटरच्या वरच्या पहिल्या कप्प्यात तेल, तूप, मेणबत्त्या किंवा प्लास्टिकच्या पिशव्या ठेवू नका.

आता वजनाचे बोलू, कारण घरातले कपाट आणि चाकांवरचे कपाट यांत मुख्य फरक तोच आहे. चार बाय आठ फुटांचे पाऊण इंची प्लायवुडचे एक शीट सुमारे ७० पौंड भरते. तीन शीट म्हणजे २०० पौंडांहून अधिक. कापण्यात काही वाया जाईल हे धरले, तरी दीडशे पौंड लाकूड डाळ-तांदळाचा एक दाणा आत येण्याआधीच ट्रेलरवर चढलेले असेल. एमडीएफचे, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळीचे, तेवढेच शीट तर शंभर पौंडांच्या आसपास जाते आणि ओल लागली की फुगते, म्हणून त्याचा विचारही करू नका. ट्रेलरच्या बाहेर, पुढच्या डाव्या बाजूला एक प्रमाणपट्टी असते. तिच्यावर भरलेल्या ट्रेलरचे कमाल वजन लिहिलेले असते. नव्या ट्रेलरांत दाराजवळ सामानाची मर्यादा सांगणारे वेगळे पिवळे लेबलही असते. आपल्या वयाच्या ट्रेलरला ते असणार नाही. म्हणून काम सुरू करण्याआधी ट्रेलर नेहमीच्या सामानासह आणि भरलेल्या पाण्याच्या टाकीसह महामार्गावरच्या ट्रक थांब्यावर नेऊन काट्यावर चढवा. कॅट स्केल या नावाचे काटे बहुतेक मोठ्या थांब्यांवर आहेत आणि खर्च किरकोळ आहे. एक गॅलन पाणी ८.३ पौंडांहून थोडे जास्त भरते. १२ गॅलनची टाकी म्हणजे शंभर पौंड, आणि हा आकडा बहुतेकांच्या हिशेबातून सुटतो. काट्यावरचा आकडा आणि पट्टीवरचा आकडा यांतला फरक हेच आपल्या सुतारकामाचे खरे अंदाजपत्रक.

एकूण वजनाइतकेच ते कुठे आहे हेही महत्त्वाचे. गाडीच्या हुकावर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार यावा, असा सर्वमान्य दंडक आहे. भरलेला ट्रेलर २,५०० पौंडांचा असेल, तर हुकावर २५० ते ३७५ पौंड. हा भार कमी झाला, तर वेगात ट्रेलर डावीउजवीकडे झुलू लागतो, आणि एकदा झुलू लागलेला ट्रेलर आवरणे चांगल्या चांगल्या चालकांनाही जमत नाही. आपल्या ट्रेलरमध्ये मागच्या टोकाला जेवणाचे टेबल आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बैठकीच्या पेट्या आहेत. त्या पेट्या प्रशस्त दिसतात, म्हणून पाण्याचे कॅन, तांदळाची २० पौंडांची पिशवी, लोखंडी तवे असे सारे जड सामान तिथे टाकण्याचा मोह होतो. तो टाळा. तिथे पांघरुणे, उशा, पावसाळी कोट, मुलीचे खेळ असे हलके सामान जाऊ द्या. जड वस्तू चाकांच्या आसपास, शक्यतो जमिनीलगत असाव्यात, आणि सुदैवाने आपला ओटा बाजूच्या भिंतीला, जवळजवळ चाकांच्या वरच आहे.

ओट्याखालच्या नव्या कप्प्यांना लाकूड कोणते वापरावे, तर उभ्या बाजूंना अर्धा इंची बर्च प्लायवुड, पाठीला आणि फळ्यांना पाव इंची, चौकटीला पॉप्लर. पाठ लावायला कंटाळू नका. पाठ नसलेले कपाट घरात वर्षानुवर्षे उभे राहते. रस्त्यावर मात्र ट्रेलरचे अंग प्रत्येक खड्ड्यात थोडे पिळले जाते, आणि चौकोनाचा समांतरभुज चौकोन होऊ न देण्याचे काम ती पातळ पाठच करते. सांधे नुसत्या पिनांवर किंवा खिळ्यांवर सोडू नका. खाच पाडून गोंद लावा आणि मग स्क्रू मारा. दुकानातल्या प्लायवुडवर टी.एस.सी.ए. टायटल सिक्स हा, फॉर्माल्डिहाइड वायू मर्यादेत असल्याचा शिक्का पाहून घ्या. २००५च्या कतरिना वादळानंतर विस्थापितांना दिलेल्या ट्रेलरांत फॉर्माल्डिहाइडचे प्रमाण जास्त असल्याचे अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २००८ मध्ये जाहीर केले होते. तो वायू प्रामुख्याने अशा चिकटवलेल्या लाकडातूनच येतो, उन्हात अधिक सुटतो, आणि बंद ट्रेलर उन्हात कसा तापतो हे आपण जाणताच. कापलेल्या कडांसकट सर्व बाजूंना पाण्यावर आधारित पॉलियुरेथेनचे हात द्या आणि मुलीला आत झोपवण्याआधी काही दिवस खिडक्या उघड्या ठेवा.

आता मापे घेण्याचा प्रश्न. घरातले काम केलेल्या माणसाची इथे पहिली पंचाईत होते, कारण काटकोन तपासायचा गुण्या आणि सपाटी तपासायची लेव्हल ही त्याची दोन विश्वासू हत्यारे या ट्रेलरमध्ये कुचकामी ठरतात. भिंत सरळ नाही, छत सपाट नाही, आणि ट्रेलर स्वतःच उतारावर उभा असू शकतो. म्हणून फुटपट्टीने मापे घेऊन कागदावर मांडू नका. आकार जसाच्या तसा उचला. त्याची रीत अशी. जाड पुठ्ठ्याच्या दोन इंच रुंद पट्ट्या कापून घ्या. कपाटाची बाजू जिथे यायची, त्या जागी आधी दोन-तीन पट्ट्यांची ढोबळ चौकट उभी करा. ती भिंतीला सगळीकडे टेकली पाहिजे असे नाही. मग पुठ्ठ्याचे छोटे तुकडे एकेक करून या चौकटीवर असे चिकटवत जा, की प्रत्येकाचे पुढचे टोक भिंतीला जेमतेम स्पर्श करील. बाक जास्त असेल तिथे तुकडे जवळजवळ, भिंत सरळ असेल तिथे दूर दूर. गरम गोंदाची बंदूक असेल, तर हे काम झटपट होते. सगळी टोके लागली, की ती चौकट अलगद बाहेर काढा, प्लायवुडवर ठेवा आणि टोकांच्या खुणा जोडून रेघ ओढा. रेघेच्या आतून न कापता रेघ राखून कापा. मग तो तुकडा जागेवर लावून पाहा, भिंतीपासून जिथे फट दिसते ती कर्कटकाने मोजा: कर्कटकाचे टोक भिंतीवरून आणि पेन्सिल लाकडावरून एकाच चालीत फिरवली, की भिंतीचा बाक लाकडावर उतरतो. त्या रेघेपर्यंत रंधा किंवा पॉलिश पेपर चालवा. शेवटी कडेला एक सूत मोकळी जागा सोडून तिथे फोमची पातळ पट्टी लावावी. लाकूड आणि कवच एकमेकांना घट्ट भिडले, तर प्रवासभर करकरते. पहिला पुठ्ठा बिघडला तरी चालतो, पुठ्ठा फुकट मिळतो. घाईत कापलेले बर्च प्लायवुड तसे मिळत नाही.

कपाट कवचाला धरून कसे राहणार, हा पुढचा भाग, आणि यात उतावीळ करू नये. आपल्या वरच्या फडताळांना धरून ठेवणारे रिव्हेट थेट कवचातून आरपार गेलेले आहेत. बाहेर भिंतीवर प्लास्टिकच्या ज्या गोल टोप्या दिसतात, त्यांच्याखाली तेच आहेत. काळाने रिव्हेट सैल होतात आणि पाणी आत शिरू लागते. फडताळ कोपऱ्यात किंचित हलते का, आतल्या अस्तरावर तपकिरी डाग आहे का, हे आधी बघा. सैल रिव्हेट काढायचा, तर त्याच्या डोक्यावर तेवढ्याच जाडीचे, बहुधा तीन षोडशांश इंची, ड्रिल हलक्या हाताने चालवा. रिव्हेट ड्रिलबरोबर गरगर फिरू लागला, तर त्याला पकडीने धरा, नाही तर भोक मोठे होते आणि नवा रिव्हेट धरत नाही. नवीन बसवताना बाहेरून डोक्याखाली ब्युटिल टेपची, म्हणजे चिकट रबरी पट्टीची, छोटी गोळी आणि आतून रुंद वॉशर द्यावा. सिलिकॉन सीलंट कृपया वापरू नका. ते पुढेमागे सुटते, आणि त्याच्या जागी मग दुसरे काही नीट चिकटत नाही.

नव्या कपाटासाठी मात्र कवचाला एकही नवे भोक पाडू नये असे माझे मत आहे, आणि ते बदलण्याचे कारण मला अजून दिसलेले नाही. त्याऐवजी पॉप्लरचे छोटे ठोकळे कवचाला आतून इपॉक्सी या पक्क्या गोंदाने चिकटवा आणि कपाट त्या ठोकळ्यांना स्क्रूने बांधा. ठोकळा बसायचा तेवढ्या जागेचे अस्तर कापून काढावे, उघडी झालेली फायबरग्लास ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडावी, अ‍ॅसिटोनने पुसावी आणि मग घट्ट केलेली इपॉक्सी लावावी. खरवडताना निघणारी भुकटी घशाला आणि कातडीला फार त्रास देते. एन-९५ मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. थंडीत इपॉक्सी नीट वाळत नाही, म्हणून हे काम ६० अंश फॅरनहाइटच्या वर तापमान असलेल्या दिवसांसाठी राखून ठेवा. स्क्रूची लांबी ठोकळ्याच्या जाडीपेक्षा कमी आहे ना, हे दर वेळी ताडून पाहा. आणि अस्तर कापण्याआधी बाहेरचा वीजपुरवठा व बॅटरी दोन्ही तोडून ठेवा, कारण अस्तराच्या मागून तारा कुठून कुठे गेल्या आहेत ते बाहेरून कळत नाही.

वाटेत उघडणाऱ्या दारांचे दुखणे सोपे आहे. सध्या तिथे चुंबकाचे किंवा रोलरचे कॅच दिसतात. ते ओढले की सुटतात, आणि आतून डब्याने ढकलले तरी सुटतात. जो खटका हाताने दाबल्याशिवाय सुटतच नाही, तो लावा. बोटींमध्ये आणि कॅम्पर व्हॅनमध्ये वापरतात ते बटणाचे खटके उत्तम. बटण दाबले की ते बाहेर येते आणि तीच मूठ होते, परत दाबले की दार कुलूपबंद. घेताना आपल्या दाराची जाडी मोजून त्या जाडीला चालणारेच घ्यावेत, कारण पातळ दारांना त्यांतले पुष्कळ बसत नाहीत. फडताळाची बिजागरी वरच्या कडेला असेल, तर खटका चुकून उघडा राहिला तरी दार स्वतःच्या वजनाने मिटलेले राहते. तीच बिजागरी बाजूला असेल, तर पहिल्याच वळणावर दार सलाम ठोकते.

खणांना मी धातूचे सरकते रूळ सुचवणार नाही. ते जड असतात आणि खडखडतात. त्याऐवजी जुन्या ट्रेलरांतली खाचेची रीत वापरा: खण लाकडी पट्ट्यांवर सरकतो, त्याच्या तळाला पुढच्या बाजूने एक खाच असते, आणि खण पूर्ण आत गेला की ती खाच चौकटीच्या खालच्या पट्टीवर बसते. उघडताना खण अर्धा इंच वर उचलून मग ओढायचा. पट्ट्यांना मेण चोळले, की तो लोण्यासारखा सरकतो. खणाच्या वर तेवढी उचलण्याची जागा सोडायला मात्र विसरू नये, आणि मिशिगनच्या वसंतातले खड्ड्यांचे रस्ते पाहता, ओट्याच्या खणांना प्रवासापुरता एक आडवा पट्टाही असावा. खणाचे तोंड कुठे आहे यालाही अर्थ आहे. जोरात ब्रेक लागला की ट्रेलरमधली प्रत्येक वस्तू पुढे जाऊ पाहते, म्हणून ज्याचे तोंड गाडीकडे आहे तो खण किंवा ते दार सर्वांत आधी उघडणार. आपला ओटा बाजूला असल्याने त्याचे खण आडवे उघडतात. हे चांगले आहे, ते तसेच ठेवा.

आता सासूबाईंचा प्रश्न. जड वस्तू खाली ठेवा असे वर मी सांगितले, आणि त्यांना तर वाकता येत नाही. हा पेच कपाटाने सुटत नाही, रिवाजाने सुटतो: सामानाच्या दोन मांडण्या ठेवा, एक प्रवासातली आणि एक मुक्कामातली. कुकर, कढई, तवा, खलबत्ता आणि तांदळाची पिशवी हे एका बळकट प्लास्टिकच्या क्रेटमध्ये प्रवासभर ओट्याच्या खालच्या कप्प्यात, जमिनीवर, पट्ट्याने बांधलेले राहील. मुक्कामी पोहोचलात, चाकांना ठोकळे लावले, की यजमानांनी तो क्रेट उचलून टेबलाशेजारच्या बैठकीवर ठेवायचा. खालच्या कप्प्याचे माप त्या क्रेटवरूनच घ्या, म्हणजे आधी क्रेट विकत घ्या आणि मग कप्पा बांधा. उलटे केले, तर हवा तो क्रेट कुठल्याही दुकानात मिळत नाही. क्रेटखाली रबरी जाळीचा तुकडा असावा आणि कुकरचे झाकण उलटे घालून त्यात एक पंचा कोंबावा, म्हणजे शिट्टी मुक्कामापर्यंत गप्प बसेल.

सासूबाईंच्या हाताशी रोज लागणाऱ्या वस्तू त्यांच्या मांडीच्या आणि खांद्याच्या दरम्यान आल्या पाहिजेत. उंच कपाटाचे मधले दोन कप्पे सर्वस्वी त्यांचे असू द्या: चहा-साखर, पोहे, रवा, मेतकूट, औषधांची पेटी. मिसळणाचा डबा ओट्याच्या सर्वांत वरच्या खणात ठेवा, शेगडीच्या वरच्या फडताळात कदापि नको. तिथे वाफेने तिखट-मीठ दगड होते, आणि पेटलेल्या जाळावरून हात नेऊन डबा काढावा लागतो. त्या फडताळाची शेगडीपासूनची उंची शेगडीच्या पुस्तिकेत सांगितल्यापेक्षा कमी असेल, तर फडताळच हलवावे. मिसळणाच्या डब्याला आतले झाकण घट्ट बसणारे घ्या, कारण सांडलेली हळद अस्तरातून निघत नाही. पोळपाटासाठी वेगळा कप्पा नको. ओट्याच्या खालच्या दाराच्या आतल्या बाजूला दोन लाकडी ओठ आणि एक कापडी पट्टा लावला, की पोळपाट उभा राहतो आणि लाटणे त्याच्याशेजारी बसते. दारावर एवढा भार पडणार, म्हणून तिथे तिसरी बिजागरी द्यावी. लोणच्याची काचेची बरणी ट्रेलरमध्ये आणू नये. रुंद तोंडाच्या प्लास्टिकच्या डब्यात आठवड्यापुरते लोणचे काढून आणले की झाले.

वरच्या फडताळांत चिवडा, भडंग, कागदी रुमाल, कपडे असे जे डोक्यावर पडले तरी इजा होणार नाही तेच जाईल, हा नियम घरातल्या सर्वांना पाठ करून द्या. मुलीसाठी झोपण्याच्या जागेलगत कापडाचे खिसे शिवून लावा, लाकूड नको.

ओलीबद्दल थोडे लिहितो, कारण फोटोतला कोपऱ्यातला काळसर डाग मला बुरशीचा वाटतो. चार माणसांचा श्वास, कुकरची वाफ आणि बाहेरची थंडी, यांमुळे पातळ कवचाला आतून घाम सुटतो, आणि बंद कपाटाच्या पाठीमागे तो वाळत नाही. म्हणून नवी पाठ कवचापासून अर्धा इंच दूर बसवा, तिच्यात वर आणि खाली बोटभर भोके पाडा, आणि जमल्यास उंच कपाटाच्या दाराचा मधला भाग काढून तिथे वेताची जाळी लावा. जाळी प्लायवुडपेक्षा हलकी असते आणि हवाही खेळती राहते. स्वयंपाक करताना छताची खिडकी उघडी ठेवण्याला पर्याय नाही.

फ्रिजच्या मागची पोकळी रिकामी दिसते म्हणून तिथे काहीही कोंबू नका. गॅसवर चालणारा फ्रिज आपली उष्णता त्याच पोकळीतून बाहेर सोडतो. बाहेरची वीज बॅटरीजोगी करणाऱ्या वीजबदल यंत्रालाही (कन्व्हर्टरलाही) मोकळी हवा लागते. प्रोपेन वायू हवेपेक्षा जड असतो, म्हणून त्याची सूचना देणारे यंत्र जमिनीलगत असते. क्रेटचा नवा कप्पा त्याच्यापुढे येत असेल, तर कप्पा आखूड करावा, यंत्र वर हलवू नये. अग्निशामक नळकांडे दाराशी, सासूबाईंनाही न वाकता काढता येईल अशा उंचीवर असू द्या, आणि संकटकाळी बाहेर पडायची खिडकी कुठल्याही कप्प्याने अडता कामा नये.

आणलेल्या प्लायवुडची पावती असेल, तर तिन्ही शीट परत करून त्याऐवजी अर्धा इंची एक आणि पाव इंची एक घ्यावे. वर सांगितलेले सगळे काम त्यात बसते. बटणाचे खटके, पट्टे, बिजागऱ्या यांसाठी एखाद्या शनिवारी इंडियानातील एल्कहार्टपर्यंत जाऊन यायला हरकत नाही. अमेरिकेतले बरेचसे ट्रेलर त्याच परिसरात बनतात, आणि कारखान्यांचा उरलेला माल विकणारी दुकाने तिथे आहेत. गेलाच आहात, तर तिथल्या आरव्ही, म्हणजे राहण्याजोग्या गाड्या व ट्रेलर यांच्या, संग्रहालयात जुन्या ट्रेलरांची कपाटे आतून पाहता येतात. १९१३ सालचा एक ट्रेलरही तिथे मांडलेला आहे. खाचेचा खण कसा बसतो, हे तिथल्या जुन्या ट्रेलरांत एकदा बघितले की माझ्या वर्णनाची गरज उरणार नाही.

काम पुरे झाल्यावर लगेच मिशिगनच्या उत्तर टोकाच्या अप्पर पेनिन्सुलाच्या लांब वाटेला लागू नका. सामान भरून घराजवळच्या खडबडीत रस्त्यांवरून तासभर ट्रेलर फिरवा, परत येऊन प्रत्येक दार उघडा, प्रत्येक स्क्रू हाताने पिळून बघा आणि छताची उंची उंच कपाटाशेजारी मोजून दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तारखेसह लिहून ठेवा. दर वसंतात तीच जागा पुन्हा मोजली, की छत बसते आहे का ते कळत राहील. ओट्याखालचा कप्पा पक्का बंद करण्याआधी पाण्याच्या पंपाकडे आणि निचऱ्याच्या तोट्यांकडे हात जाईल एवढे, चार स्क्रूंवर निघणारे झाकण ठेवायचे आहे, कारण ऑक्टोबरमध्ये नळ्यांतले पाणी काढून गोठणरोधक भरायची वेळ येईल तेव्हा यजमानांना तिथे पोहोचावे लागेल.